हिरवा ठिपका

आमच्या फोटो स्टुडिओत त्यांना सगळे आकडेमास्तर म्हणतात. हे नाव मीच पाडलं. फोटोतले रंग दुरुस्त करताना ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत असतात, "दोनशे दहा, एकशे साठ, एकशे तीस," आणि शेजारी बसणाऱ्याचं डोकं उठतं. स्टुडिओ माझा, त्यामुळे ओरडायचा हक्कही माझा, आणि तो मी भरपूर वापरते. मास्तर "हो बाई" म्हणतात आणि पुन्हा सुरू.

पण रंग! माझ्या हातून निघालेल्या चेहऱ्याला हमखास कावीळ झालेली असते. मास्तरांच्या हातचा चेहरा पाहिला की वाटतं, आता हा बोलेल. गिऱ्हाईकं स्तुती करायची तेव्हा मी ऐटीत सांगायचे, "आमच्या मास्तरांची नजर आहे ती." मास्तर मान खाली घालायचे. मला वाटायचं, काय विनयी माणूस आहे.

मग एका शाळेचं काम आलं. तीनशे बारा मुलं, प्रत्येकाचे दोन फोटो, त्यातला एक ठेवायचा. फोटो मी काढले आणि निवडही मीच केली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या फोटोवर बरोबरची खूण यायची, टाकाऊवर फुली. त्याच आठवड्यात नवं सॉफ्टवेअर आलं होतं, आणि बनवणाऱ्यांना काय सुचलं कोण जाणे, खुणांच्या जागी त्यांनी रंगीत ठिपके दिले होते. ठेवायच्या फोटोंवर मी हिरवा ठिपका दिला, टाकायच्यांवर लाल, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "मास्तर, हिरवे तेवढे छापायला पाठवा!"

सगळी मुलं एकाच हॉलमध्ये, एकाच दिव्याखाली बसली होती. म्हणून मास्तरांनी एका फोटोवर रंग बसवला, तोच सगळ्यांना लावला, यादीतून एक ठिपका निवडला आणि अख्खा गठ्ठा लॅबकडे पाठवून दिला. तिथून बंद पाकिटं थेट शाळेत गेली.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका पाकिटांची पिशवी घेऊन दारात हजर. त्यांनी काउंटरवर फोटो पसरले. एकाचे डोळे मिटलेले, दुसऱ्याची जीभ बाहेर, तिसरीचं बोट नाकात मुक्कामाला गेलेलं. तीनशे बाराच्या तीनशे बारा, मी टाकून दिलेले.

"रंग मात्र सुरेख आलेत," मुख्याध्यापिका कोरडेपणाने म्हणाल्या.

शुक्रवारपर्यंत नवे देते असं सांगून मी त्यांना कशीबशी वाटेला लावलं आणि तरातरा आतल्या खोलीत गेले. "मास्तर, झोपला होतात का?"

त्यांनी खिशातून स्टुडिओच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"बाई, मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. ते दोन्ही ठिपके मला सारखेच मातकट दिसतात. एक निवडला. चुकीचा निघाला."

"मग विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. रंग न दिसणाऱ्या माणसाला रंगाच्या कामावर कोण ठेवतं?"

मी नसतंच ठेवलं. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण चांगुलपणाचा आव मला आणता येत नाही.

"घरी फक्त बायकोला माहीत आहे," ते म्हणाले. "कपड्यांत आतून आकडे शिवून ठेवते ती. एक नंबरच्या शर्टावर एक नंबरची पँट. चारचौघांत हसं नको म्हणून." त्यांनी कॉलर उलटून दाखवली. आत काळ्या दोऱ्याने घातलेला इवलासा चार होता.

त्या चारने माझा आवाज खाली आला, पण संशय गेला नाही. "मग अकरा वर्षं इथे रंग कोण लावत होतं?"

मी त्यांना उठवलं, त्यांच्या खुर्चीवर बसले, एक फोटो उघडला आणि मुद्दाम त्यातले रंग बिघडवले. पोर पालकाची भाजी खाऊन त्यातच लोळल्यागत हिरवं झालं. "करा नीट."

मास्तरांनी माउस त्या मुलाच्या पांढऱ्या शर्टावर नेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात तीन आकडे आले. "लाल, हिरवा, निळा. पांढऱ्यावर तिन्ही सारखे हवेत. हिरवा वर गेलाय, खाली आणतो. आता गाल. गालात लाल सगळ्यात वर, मग हिरवा, मग निळा." मिनिटभरात पोर माणसात आलं. मग ते चाचरत म्हणाले, "राग मानू नका, पण तुमचा डोळा संध्याकाळी दमतो, बाई. म्हणून संध्याकाळचे तुमचे फोटो पिवळे येतात."

या माणसाने हजारो चेहरे आकड्यांनी ओळखले होते. उन्हातले, सावलीतले, आजारी, लाजलेले, सगळ्यांचे आकडे त्यांना तोंडपाठ. मी पुटपुटणं म्हणून ज्यावर खेकसत होते, ती त्यांची विद्या होती. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

मी सॉफ्टवेअर धुंडाळलं. ठिपक्यांऐवजी तारे देता येत होते. पाच तारे म्हणजे ठेवा, एक तारा म्हणजे टाका. सगळं बदलायला दोन मिनिटं लागली. अकरा वर्षं हा माणूस माझ्यासमोर जीव मुठीत धरून बसत होता, आणि यातलं अवाक्षरही बोलू शकला नव्हता, कारण मी ओरडते.

"किल्ल्या उचला," मी म्हणाले. "शुक्रवारपर्यंत तीनशे बारा द्यायचेत."

त्याच दुपारी मी सॉफ्टवेअरवाल्यांना खरमरीत पत्र लिहिलं, की ठिपक्याशेजारी एक अक्षर छापल्याने तुमचे हात झिजणार नाहीत. सूचनेबद्दल आभारी आहोत, असं उत्तर आलं. मी दुसरं पत्र लिहायला घेतलंय.

शुक्रवारी फोटो वेळेत गेले. सोमवारी मास्तर आले ते पोपटी चौकड्यांचा शर्ट आणि विटकरी पँट घालून. अख्खा स्टुडिओ बघत राहिला.

"आज आकडा न बघता घातला," ते कॉलर चाचपत म्हणाले. "कापड मऊ आहे, म्हणून हा मला आवडतो. कसा दिसतोय?"

"भयंकर," मी म्हणाले.

"खरंच?"

"अगदी भयंकर, मास्तर."

ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग जागेवर जाऊन बसले, फोटो उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सुरू झाले, "दोनशे दहा, एकशे साठ, एकशे तीस." मी ओरडले नाही.