शत्रुघ्न बिडव्यांची कुट्टूची बिअर

शत्रुघ्न बिडवे हा तसा निरुपद्रवी माणूस. मूळचा लातूरचा. कुवेतमध्ये दातांच्या दवाखान्यांतल्या खुर्च्या दुरुस्त करतो, अब्बासियात दोन खोल्यांत राहतो आणि रिकामा वेळ मिळाला की डोक्यात एखादं खूळ घेतो. मागे त्यानं गच्चीवर कोथिंबीर लावली होती, ती एका दुपारच्या उन्हात करपली. मग मोबाइलवर कुणी गोरा माणूस घरच्या घरी कुट्टूची, म्हणजे त्या तिकोनी उपवासी दाण्यांची, बिअर करताना दिसला आणि नवीन खूळ पक्कं झालं.

आता कुवेतमध्ये घरात दारू सापडली तर काय होतं, हे अब्बासियातलं शेंबडं पोरही सांगेल. आधी पोलीस ठाणं, मग थेट विमान. बायको राजश्री रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरीला, मुलगी प्रणिता दहावीला. या महाशयांच्या घोटभर हौसेपायी अख्खा संसार लातूरला पार्सल व्हायचा! पण शत्रुघ्नकडे युक्तिवाद तयार होता. कुट्टू उपवासाला चालतो. मग त्याची केलेली वस्तू वाईट कशी असेल?

"मी काय दारू पाडायलोय का? प्रयोग करायलोय," असं तो आरशाला म्हणाला. आरशानं हरकत घेतली नाही.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नवरात्रातला कुट्टू उरला होता. शत्रुघ्ननं तो आणला, भिजवला, मटकीसारखा पंच्यात बांधला आणि मोड आणले. बायकोनं गाठोडं पाहिलं.

"हे कशाला?"

"एकादशीला."

ज्या माणसानं जन्मात एकादशी धरली नाही, त्याच्याकडे राजश्रीनं नीट पाहिलं. मग वॉशिंग मशीनमागच्या नव्या कोऱ्या बादलीकडे पाहिलं, तिच्यातल्या यीस्टच्या पुडीकडे पाहिलं, आणि ती कामावर गेली.

संध्याकाळी शत्रुघ्न घरी आला तर घरभर खमंग वास. राजश्री सगळे मोड कढईत परतत होती आणि ते चांगले काळपट झाले होते.

"अगं, काय करायलीस?"

"भाजायलेय. कच्चं दळलं तर पोटाला बाधतं."

व्हिडिओत मोड हलकेच वाळवायला सांगितले होते. पण गोऱ्यांना भाजणी काय कळणार! शत्रुघ्नच्या आईनंही न भाजता कधी दाणा गिरणीत पाठवला नव्हता. बायको न बोलता आपल्याला साथ देतेय, या विचारानं त्याला भरून आलं.

मग त्यानं ते दळलं, कोमट पाण्यात मुरवलं, कडूपणासाठी मूठभर मेथ्या घालून उकळलं आणि गार झाल्यावर यीस्ट टाकून बादली झाकली. साखर घालायचा मोह झाला, पण साखर घालणारे ते दारुडे, आपण कारागीर! बादलीवर चमचाभर फेस आला, तेवढ्यानंही तो हरखला.

शुक्रवारी त्यानं आपल्या मित्राला, शैलेशला बोलावलं. शैलेश पनवेलचा, एसी बसवणारा. पहिल्या पेल्याला त्यानं तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला डोळे मिटले. तिसऱ्याला तो फ्रिजला मिठी मारून साहेबाच्या नावानं गळा काढू लागला. "काय कडक आहे राव!" असं तो इतक्या जोरात ओरडला की इमारतीचा राखणदार यूसुफ धावत वर आला आणि दार ठोकू लागला.

 शत्रुघ्नला डोळ्यांसमोर विमान दिसलं, विमानात रडणारी प्रणिता दिसली. तेवढ्यात राजश्रीनं दारच उघडलं.

यूसुफ आत आला. त्यानं टेबलावरचा बिअरचा जग उचलला, हुंगला, घोटभर प्यायला आणि काळजीनं विचारलं, "घर में कोई बीमार है?"

"नहीं भाई."

"तो ये क्यों पीता है? दुकान में जौ का अच्छा शरबत मिलता है." मग फ्रिजकडे बोट दाखवून, "इसको क्या हुआ?"

"घर की याद आई," राजश्री म्हणाली. यूसुफचेही डोळे पाणावले. शैलेशची पाठ थोपटून तो निघून गेला.

दार लागताच शत्रुघ्न मटकन खाली बसला. राजश्री त्याच्यासमोर उभी राहिली.

"मोडांमध्ये पिठाची साखर करणारी द्रव्यं असतात. ती भाजली की मरतात. साखर नाही तर दारू नाही. तुम्ही आंबील केलीय, अहो. तीही बिघडलेली."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

 आपण वाचलो म्हणून शत्रुघ्नला हायसं वाटलं, बायकोपुढे लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त दुःख बिअर जमली नाही याचं झालं. त्याचा चेहरा इतका पडला की राजश्रीलाही वाईट वाटलं.

तेवढ्यात शैलेश झुलत झुलत सोफ्यावर कोसळला. "बिडवे, डोकं गरगरतंय राव! असली बिअर आयुष्यात प्यालो नाही. पुढच्या शुक्रवारी परत?"

शत्रुघ्ननं खरं सांगायला तोंड उघडलं, पण राजश्री आधी बोलली.

"या ना भावजी. मी आत्ताच कुट्टू भिजत घालते."