दहा दिवसांतला उजेड
जानेवारीत आमच्या सर्व्हे तुकडीला दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये पाठवलं. काम होतं शहराबाहेरच्या फायरिंग रेंजची हद्द मोजण्याचं. मुदत दहा दिवस. मी हवालदार, कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, माझ्याकडे. समोर झेंडा घेऊन उभा राहणार नाईक दीपक इंगळे, अकोल्याचा.

आदल्या दिवशी मेजरसाहेबांनी विचारलं, "दहा दिवसांत उजेड किती मिळेल?"

मी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांचं टेबल काढलं. फर्स्ट लाइट सकाळी सहा पन्नास, लास्ट लाइट संध्याकाळी सहा. "रोज अकरा तास, सर. एकूण एकशेदहा."

बाहेर आल्यावर इंगळे म्हणाला, "उस्ताद, धुकं धरलंत का?"

"टेबलात धुकं नसतं."

"दिल्लीत असतं ना."

मी त्याला थिओडोलाइटची पेटी पुसायला लावली.

दुसऱ्या दिवशी सहा पन्नासला मी यंत्रामागे उभा. इंगळे तीनशे मीटरवर. मला स्वतःचे बूटही दिसत नव्हते. रेडिओ घेतला.

"इंगळे, झेंडा हलव. ओव्हर."

"अर्धा तास हलवतोय, उस्ताद. हात गेले. ओव्हर."

साडेनऊला धुक्यात एक काळपट आकृती दिसली. मी तीनदा कोन घेतला. तिन्ही वेळा वेगळा आला. चौथ्यांदा आकृती रेकली.

नऊ पन्नासला मेजरसाहेबांची जीप आली. "प्रोग्रेस?"

"सर, टेबलाप्रमाणे तीन तास उजेड. प्रत्यक्षात एक म्हैस."

साहेब हसले नाहीत. "काम राहिलं तर तुझं प्रमोशनही राहील."

म्हशीमागोमाग गवळी आला. झेंडा घेऊन परत आलेल्या इंगळेने त्यालाच गाठलं. "भैया, धुंध कब हटती है?"

"ग्यारह के बाद. चार बजे फिर वही."

म्हणजे रोज पाच तास. आजचा धरून दहा दिवसांचे पन्नास. इंगळे म्हणाला, "उस्ताद, सकाळी धुक्यातच खुंट्या ठोकू, अंतरं टेपने मोजू. टेपला कुठे दिसावं लागतं? उजेड फक्त कोनांसाठी ठेवू."

तसंच केलं. दहाव्या दिवशी साडेतीनला शेवटचा कोन घेतला. मेजरसाहेबांनी माझी पाठ थोपटली. मी म्हणालो, "सर, हिशेब इंगळेचा."

त्याला दहा दिवसांची सुट्टी मिळाली. बहिणीचं लग्न होतं, पण कामामुळे त्याने सुट्टी मागायचंच टाळलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका चौकीवर हिमकडा कोसळला, इंगळे त्याखाली गेला. मी अकोल्याला त्याच्या घरी गेलो, तेव्हा बहिणीने लग्नाचा अल्बम दाखवला. एकाही फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नाही. सगळीकडे पंगतीत वाकून वाढतोय.