राखून ठेवलेला डाव

कार्टूनमधलं मुंगूस बोलतं तेव्हा त्याचा खालचा ओठ आधी हलतो. पाणघोड्याचे दोन्ही ओठ एकदम उघडतात आणि मिटायला वेळ घेतात. ही माहिती कुणाच्या काही कामाची नाही, पण माझं पोट तिच्यावर चालतं. परदेशी कार्टून सिनेमे मराठीत डब होतात, त्यांचे संवाद मी लिहिते. पडद्यावर तोंड मिटलं की माझ्या वाक्यातही तिथे प, ब, म असलं ओठ मिटणारं अक्षर यावं लागतं. ते नाही आलं तर ओठ एक सांगतात आणि आवाज दुसरंच.

स्टुडिओ परळला, एका जुन्या मिलच्या आवारात आहे. आता मी सांगणार की माझे वडील ह्याच मिलमध्ये होते, असं तुम्हाला वाटलं असेल. नव्हते. त्यांच्या मिलचा मॉल झाला आणि आजवर ते त्याची पायरी चढलेले नाहीत.

आम्ही वडिलांना तात्या म्हणतो. साताऱ्याकडून आलेला माणूस, दिवसा मिलच्या साच्यावर, म्हणजे मागावर, आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत. लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर तालीम होती आणि तात्या तिचे वस्ताद होते. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती, तिचा वास आमच्या जिन्यापर्यंत यायचा. मुलींना आत पाऊल टाकायची बंदी. मी खिडकीच्या गजाला नाक लावून डावांची नावं पाठ केली: ढाक, मोळी, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड. पठ्ठ्याला मात्र नाव लगेच कळायचं नाही. डाव अंगात बसला, त्याची तोडही जमली, की मगच तात्या नाव सांगायचे. त्याआधी विचारलं तर म्हणायचे, "बारसं पोर झाल्यावर करत्यात."

मग चाळ पडली, टॉवर उभा राहिला. कागदावर तालमीची जागा होती. प्रत्यक्षात मिळालं फिटनेस सेंटर, चारी भिंतींना आरसे आणि जागच्या जागी धावायची यंत्रं. तात्या एकदाच आत गेले. कोपऱ्यात वाकून फरशीवर बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही, तसे वर आले. तेव्हापासून खिडकीशी बसून असतात. त्यांच्या तोंडात साठलेली नावं कुणाला हवी होती? सुनेला नको, नातवंडांना नको, सोसायटीच्या ग्रुपला तर मुळीच नको.

आणि अशात तो सिनेमा माझ्याकडे आला. मारामारीचा कार्टून सिनेमा. वाळवंटातलं एक गॅरेज, तिथे राहणारं एक मुंगूस आणि त्याच्या भोवती जुन्या अमेरिकन गाड्या. लांब नाकाच्या, रुंद बुडाच्या, उभ्या जागी गुरगुरणाऱ्या. मुंगूस लढायला शिकतं आणि शेवटी गावगुंडाला हरवतं, एवढीच गोष्ट. सोबत एक जाडा पाणघोडा, त्याचं काम प्रत्येक वेळी आपटणं. ह्या सिनेमांची रीत अशी की डाव मारण्याआधी त्याचं नाव ओरडायचं. डावांना वाघ, बगळा, नाग अशी नावं, आणि गाड्यांनाही तशीच. एक रानघोडा, एक ससाणा, एक साप.

मी घरी लॅपटॉपवर आवाज बंद करून ओठ बघत बसले होते. तात्या मागे येऊन उभे राहिले.

"हे काय म्हणतंय?"

"डावाचं नाव. मारायच्या आधी सांगतो तो."

"आधी नाव सांगून कोण मारतंय? समोरचा काय झोपलाय?" थोडा वेळ बघून म्हणाले, "आन् ही गाडी?"

"तिचं नाव एका सापावरून आहे. तिकडे गाड्यांना जनावरांचीच नावं देतात. ताकदीची गाडी म्हणून ताकदीचं जनावर."

"मुंगूस सापात बसून फिरतंय व्हय," तात्या म्हणाले आणि हसले. त्यांना हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. "आमच्या गावाला बैलाला नाव द्यायचे तर काय द्यायचे? सर्जा. सर्जा म्हणलं की सगळं आलं. लिही, ह्या गाडीचं नाव सर्जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची आपणच ओढून माझ्याशेजारी लावली. मग आमचं रोजचं बसणं सुरू झालं. मी म्हणायची, इथे तोंड मिटतंय. ते म्हणायचे, मग मोळी घाल, तोंड मिटूनच चालू हुतंय. पण चित्रातला डाव मोळीचा आहे का, हे आधी तपासायचे. नसला तर ओठ जुळत असूनही नको म्हणायचे. "नाव खोटं पडू नये," एवढंच. त्या बैठकांत माझ्या लक्षात आलं की हा माणूस आयुष्यभर मला कधी शेजारी घेऊन बसला नव्हता. एका मुंगसाच्या कृपेने बसला.

शेवटच्या मारामारीत गाडं अडलं. मुंगूस गुंडाच्या बगलेखालून सुटतं, त्याचा पाय उचलतं आणि एकच शब्द ओरडतं. ओठ मिटलेले, मग गोल, मग तोंड भरून उघडलेलं. मी पट, भारंदाज, ठाऊक असलेल्या सगळ्या डावांची नावं लावून पाहिली. तात्यांनी तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भोंगा."

मला वाटलं बाहेर कुठे काही वाजतंय.

"डावाचं नाव. माझा हाय त्यो."

वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो, ही म्हण मी लहानपणापासून ऐकलेली. राखलेला डाव खरोखर असतो हे मला त्या दुपारी कळलं. तरुणपणी एका सकाळी त्यांच्यापेक्षा भारी गड्याशी जोड लागली होती, आणि तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. गड्याची सकाळची पाळी. त्याचे हात तसेच होते, पण लक्ष क्षणभर भोंग्याकडे गेलं आणि पकड सैल पडली. तात्या बगलेखालून निघाले आणि तो चीत. "परत्येक माणसाचा एक भोंगा असतोय," ते म्हणाले. "त्यो आपण वाजवायचा. नुसतं दाराकडं बघायचं, कोण आल्यागत. त्यो बघतोच." पुढे तो डाव त्यांनी जत्रेतल्या मैदानांत वापरला, पण एकाही पठ्ठ्याला शिकवला नाही आणि नावही कुणाला सांगितलं नाही. ते नाव त्यांनी मला दिलं, मातीत कधी पाय न टाकलेल्या मुलीला.

"घाल," म्हणाले. "आता राखून कुणासाठी ठिवायचं?"

भोंगा. ओठ मिटलेले, मग गोल, मग आ. टिकलीएवढाही फरक नव्हता.

स्क्रिप्ट दिली की लेखकाचा संबंध संपतो. पुढे काय होतं ते लेखकाला सगळ्यांबरोबर कळतं, पाहुण्यासारखं. सिनेमा टीव्हीवर रविवारी सकाळी लागणार होता. तात्यांनी स्वतः फोन करून जुने पठ्ठे बोलावले. तिघे आले, एक काळाचौकीहून, दोघे शिवडीहून, गुडघे धरत. शेजारची मंडळी आली, पोरंटोरं आली. तात्यांनी पांढरा सदरा घातला होता, टोपी घातली होती. मी आतून पोह्यांच्या बशा आणत होते आणि माझा जीव सुपाएवढा झाला होता.

मुंगूस गाडीत बसलं आणि गाडीचं इंग्रजी नाव घेतलं, जसंच्या तसं. पहिला डाव इंग्रजीत, दुसरा इंग्रजीत. मी बशी हातात घेऊन उभीच राहिले. तात्या वाट बघत होते, त्यांना वाटलं आपलं पुढे असेल. आणि मग पाणघोडा आला. तीनचाकी खटाऱ्यातून, आणि तो खटाऱ्याला लाथ घालून म्हणाला, "चल रे सर्जा." घरात हशा पिकला. पाणघोड्याने धोबीपछाड म्हटलं आणि तोच तोंडावर पडला. त्याने मोळी म्हटलं आणि स्वतःच्याच पायांत गुंतला. माझे सगळे शब्द, म्हणजे तात्यांचे सगळे शब्द, त्याच्या त्या मोठ्या तोंडात नेऊन घातले होते. आवाजही घाटावरचा, मुद्दाम.

शेवटी गुंड समोर उभा, मुंगूस त्याच्यावर झेपावलेलं, आणि मागून पाणघोडा मध्येच धावत येऊन ओरडला, "भोंगा!" आणि चिखलात बसला. पोरं गडाबडा लोळली. काळाचौकीचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "वस्ताद, काय पण नाव काढलंय बेट्यांनी. भोंगा!" त्यांना कुठे माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं. घरभर माणसं हसत होती आणि ते नाव कुणाचं आहे हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी तात्यांकडे बघितलं. ते टीव्हीकडे बघत होते. हसणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून ते थोडेसे हसले. ते हसणं मी त्या चॅनेलला कधी माफ करणार नाही.

सोमवारी मी फोन केला. चॅनेलकडची मुलगी गोड बोलणारी, आमच्या इकडचीच, दादरची. "ताई, गाड्यांची टॉइज येणार आहेत ना, नाव चेंज करता येत नाही. आणि हीरोच्या तोंडी ते वर्ड्स जरा गावठी वाटत होते. पण वेस्ट नाही केले हं आम्ही, कॉमेडीत मस्त बसले. भोंगा तर सुपरहिट आहे."

ते शब्द माझ्या वडिलांचे आहेत हे मी तिला सांगितलं आणि विचारलं, हीरो मराठीत बोलतोय तर मारताना त्याला मराठीची लाज का वाटते? ती म्हणाली, "तसं नाही हो ताई." कसं ते सांगितलं नाही. तिचा राग मी किती धरू? मराठीत रडायचं, आरडाओरडा करायचा, आपटायचं, आणि जिंकायची वेळ आली की भाषा बदलायची, ही रीत काही तिने पाडलेली नाही. पण ती पाळणारे हात तिचेच होते, आणि राग मी धरलाच.

महिन्याभरात लिफ्टमध्ये पोरं एकमेकांना ढकलताना भोंगा म्हणू लागली. तात्या आत असले तरी. त्यांनी खाली जाणंच कमी केलं.

मग दुसरा भाग आला. तीच मुलगी फोनवर. "अंकलकडे अजून असे फनी वर्ड्स असतील ना? विचारा ना प्लीज." मी कामाला नाही म्हणू शकले नाही. हप्ते थांबत नाहीत.

लॅपटॉप उघडला, आवाज बंद केला. तात्या समोर शेंगा सोलत बसले होते. त्या वेळी खुर्ची ओढून येणारा माणूस, आज मान वर करेना. तासाभरापूर्वीच त्यांनी मला औंधच्या जत्रेत कुठला गडी कुठल्या डावावर पडला ते अगदी त्याच्या लंगोटाच्या रंगासकट सांगितलं होतं.

"तात्या, इथे तोंड मिटतंय. काय बसेल?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मुंगसाच्या हातातला डाव मोळीचा होता. खिडकीच्या गजाआडून शिकलेल्या मलाही तो ओळखू येत होता.

"आठवत न्हाई आता," ते म्हणाले आणि पुढची शेंग घेतली.

मी पुन्हा विचारलं नाही. मुंगसाच्या तोंडात इंग्रजी शब्द घातला आणि ओठ व्यवस्थित जुळले. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. आमच्या वस्तादांनी आता सगळेच राखून ठेवलेत, माझ्यापासूनसुद्धा.