सातव्या नदीचं लांब पान

धोंडबाजी पराते यांचा माग आमच्या भिंतीपलीकडेच होता. गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत सकाळपासून मागांची खटखट चालायची, पण त्यांचा माग मी डोळे मिटून ओळखायचो. दर दोन-तीन ठोक्यांनी तो किंचित अडखळायचा, त्यांच्या दुखऱ्या डाव्या गुडघ्यामुळे. लुगड्याचा काठ विणावा तो धोंडबाजींनीच, असं गल्ली म्हणायची. वाचता मात्र त्यांना येत नव्हतं.

वाचायचं काम माझं. सहावीत असताना मला ‘सात नद्यांचा राजपुत्र’ या मालिकेचा पहिला भाग मिळाला आणि मी तो त्यांच्या मागाशेजारी बसून मोठ्याने वाचला. एका भागात एक नदी. प्रत्येक नदीतून राजपुत्राला खांद्यावर घेऊन जाणारा एक राक्षस होता, हुंबा. एका पायाने अधू. धोंडबाजींना मी काकाजी म्हणायचो; त्यांचा जीव त्याच्यावर.

“तो राजाचा पोट्टा नुसता खांद्यावर बसते,” ते म्हणायचे. “चालते कोण? हुंबा!”

“तुमच्यासारखाच हाये तो,” त्यांच्या पत्नी मैनाकाकू धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरता भरता म्हणायच्या. “लंगडा अन् हट्टी.”

सहावा भाग सत्तर साली आला आणि लेखक गप्प झाला. मी मॅट्रिक झालो, पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला लागलो. गल्लीतले निम्मे माग बंद पडले. काकाजी तरी दर दिवाळीला विचारायचे, “आली काय गा सातवी नदी?”

ती आली अठ्ठ्याहत्तर साली. सीताबर्डीच्या दुकानात पुस्तक दिसलं आणि मी बस सोडून दिली. चालता चालता वाचत आलो. नदीचं वर्णन असं की अंगावर काटा यावा. एका काठाजवळ पाणी पूर्वेला वाहतं, दुसऱ्या काठाजवळ पश्चिमेला, मधे रेघ मारल्यासारखी शांत पट्टी. आठ वर्षं थांबल्याचं चीज झालं, असं वाटलं. मग एक नाव येते, राजपुत्र तिच्यात बसतो, आणि लेखक लिहितो, ‘हुंबा काठावरच राहिला.’ पुढे पन्नास पानं लग्नाची मिरवणूक. हुंब्याचं नावसुद्धा नाही. पुस्तक मिटलं तेव्हा मला ते आवडलं की नाही, हेच कळेना.

दुसऱ्या दिवशी मी वाचायला बसलो. काकाजींनी त्या दिवसासाठी धुतलेला सदरा घातला होता. ते वाक्य आलं. माझ्या तोंडून ते निघालंच नाही. मी पानावर नजर ठेवली आणि मनातलं बोलू लागलो. नाव मधल्या पट्टीत अडकते, हुंबा पाण्यात उतरतो, नाव डोक्यावर घेऊन पलीकडे नेतो, आणि राजपुत्र पहिल्यांदाच त्याच्या पायाला तेल लावतो.

काकाजी डोळे पुसत होते. “वा रे लेखक! सहाही भागांत असं नाही लिहिलं त्यानं.”

सांगायला लाज वाटते, पण त्या कौतुकाने मी आधी फुगलो.

मग ते म्हणाले, “कागद आण. त्याले पत्र लिही. म्हणाव, हुंब्याले सोडलं नाही, हे लय बरं केलं. आठ वर्षं मले तेच भेव होतं. खाली लिही, धोंडबा पराते, विणकर, नागपूर.”

मी लिहिलं. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकामागे होता. ते आंतर्देशीय पत्र चार दिवस माझ्या ड्रॉइंगच्या वहीत पडून राहिलं. चौकातल्या लाल पेटीवरून मी रोज कॉलेजला जायचो. काकाजी रोज विचारायचे, “टाकलं?” मी मान हलवायचो, हो की नाही ते कळू नये अशी.

पाचव्या दिवशी मागाजवळ बसलो आणि खरं पान वाचून दाखवलं. माग थांबला.

“एवढंच?”

“एवढंच, काकाजी. बाकीचं मी बनवलं.”

ते धोटा हातात फिरवत राहिले. “म्हणून तू पान पलटलं नाही. दोन पानं होतात तवा माह्यी एक कांडी सरते. त्या एका पानात दोन सरल्या. मले वाटलं, हुंब्याचं पान हाये, मोठं असंल.”

माझ्याने वर बघवेना.

“पोट्ट्यानं तुमच्यासाठीच केलं ना जी,” मैनाकाकू म्हणाल्या.

“माह्यासाठी केलं, तं मले सांगून कराचं.” मग पुस्तकाकडे बघून म्हणाले, “त्या लेखकाचा राग नाही. आठ वर्षांनं मागावर बसला तर काठ सरळ येत नाही गा. नदी तं झकास केली त्यानं.”

त्यांनी दुसरं पत्र लिहायला लावलं. नदी फार छान आहे, पण हुंब्यासाठी कोणी थांबलं नाही, हे बरं झालं नाही. पत्र चिकटवून मी उठलो, तर तेही उठले.

“मीच टाकतो, काकाजी. गुडघा दुखेल.”

“येतो सोबत,” ते म्हणाले. चौकापर्यंत लंगडत आले आणि पत्र त्यांनी आपल्या हाताने पेटीत टाकलं.

मी अजूनही त्यांना वाचून दाखवतो, आता बहुतेक पेपरच. पण दोन-चार ओळी झाल्या की माग थांबतो.

“छापलं हाये, का तुह्यं?”

मी पेपर त्यांच्यासमोर धरतो आणि त्या ओळीवर बोट ठेवतो. त्यांना वाचता येत नाही. तरी ते त्या ओळीकडे नीट बघतात, आणि मगच पुन्हा मागाच्या पावडीवर पाय दाबतात.