मामंजींचं नाक आणि रक्तातला आकडा

लग्न होऊन मी सोलापूरहून म्हैसूरला आले, तेव्हा मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मराठी मला बरेच दिवस कळलंच नाही. वाटलं, कानडी फार मिसळतात म्हणून. मग नवऱ्यानं खुलासा केला, "कानडी निम्मंच. बाकीचं चोंदलेलं नाक."

लष्कर मोहल्ल्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. नाक बाराही महिने बंद, त्यामुळे म चा ब आणि न चा द. "नमस्कार, मापं घेऊ?" हे गिऱ्हाइकाला "दबस्कार, बापं घेऊ?" असं ऐकू यायचं. (पुढचं त्यांचं बोलणं मी दुरुस्त करूनच लिहिते.) डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "सुम्ने कशाला? थंडी आहे नुसती." सुम्ने म्हणजे उगाच, हा त्यांचा लाडका शब्द; आणि थंडी म्हणजे सर्दी.

एकदा एका नवरदेवाच्या शेरवानीवर इस्त्री तशीच ठेवून ते शेजाऱ्याशी बोलत उभे राहिले. कापड जळल्याचा वास समोरच्या सायकलवाल्याला आला आणि तो ओरडत धावत आला. मामंजी इस्त्रीपासून हातभर अंतरावर होते, पण त्यांना पत्ताच नाही. शेरवानी त्यांनी नव्यानं शिवून दिली. त्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत. ताट सरकवून हळूच म्हणाले, "मला वास येत नाही गं. कधीपासून, तेही आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच त्यांना रिक्षात बसवलं.

जयलक्ष्मीपुरममधल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दुर्बीण घालून नाक पाहिलं, आत द्राक्षांसारखे फुगे दिसले. मग रक्त तपासलं.

"सूज आहे, पण जंतूंची वाटत नाही," रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या. "इओसिनोफिल नावाच्या पेशी रक्तात खूप वाढल्यात. ॲलर्जी किंवा दमा असला की वाढतात तशा. तुम्ही दुकानातून आणून खाता त्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ही सूज जायची नाही. फुगे ऑपरेशननं काढू, पण ते पुन्हा येऊ शकतात. नाकात फवारा रोज मारावा लागेल."

"खूप म्हणजे किती, डॉक्टरम्मा?"

"असायला हव्यात त्याच्या कितीतरी पट."

मामंजी ताठ बसले. विठ्ठल मंदिरात भजन झालं की त्यांचे सोबती आपापली साखर नि बीपी सांगत बसत. यांना दोन्ही नव्हतं, त्यामुळे यांना कोणी विचारत नसे. त्या एकादशीला त्यांनी इओसिनोफिलचा आकडा काढला आणि सगळी साखर फिकी पडली. सासूबाई म्हणाल्या, "यांचं सगळंच जास्त. अक्कल तेवढी बेताची."

ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि रक्त पुन्हा तपासलं. आकडा एकदम खाली आलेला. मामंजींचा चेहरा उतरला.

"कमी झाला की हो!"

"ही चांगली गोष्ट आहे," डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "पण आकडा कायमचा उतरलेला नाही. गोळ्यांनी दबलाय. गोळ्या थांबल्या की वर येईल."

"येईल ना?" मामंजींनी आशेनं विचारलं.

ऑपरेशन नीट झालं. काही आठवडे खपल्या, नाक धुणं, कुरकुर. मग एका सकाळी ते कॉफीचा लोटा घेऊन स्वयंपाकघरात आले. "ही कॉफी कुणी केली? चिकोरीच चिकोरी आहे नुसती!"

"मीच करते. इतकी वर्षं 'फस्क्लास' म्हणत प्यालात," सासूबाई फुरंगटल्या.

दिवसभर ते वास घेत हिंडले. कोरं मांजरपाट, मशीनचं तेल, माझ्या मुलीचं डोकं. मग फुलं निवडत बसलेल्या सासूबाईंच्या मागे जाऊन थबकले.

"केसांना काय लावतेस हे?"

"ब्राह्मीचं तेल."

"कधीपासून?"

"तुमच्या नाकाचं हे लचांड सुरू झालं, त्याच्याही आधीपासून."

ते तिथंच पाटावर बसले. जरा वेळानं सासूबाईंनी मान न वळवता फवाऱ्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. एरवी त्यासाठी रोज भांडण होई. त्या दिवशी त्यांनी निमूटपणे दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला.