साडीत निघायचं, नसरापूरला बदलायचं

मशिनखालच्या चिंध्या आणि माझ्याकडचे किस्से, दोन्हींचं सारखंच आहे. संध्याकाळी झाडून दुकान बंद करावं, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच ढीग! चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्से कुठं भरू? म्हणून तुम्हाला सांगते. बसा, चहा सांगितलाय.

तर माझं दुकान नसरापुरात, एस.टी. थांब्यासमोर. पाटीवर लिहिलंय, ब्लाऊज, फॉल-पिको, पंजाबी ड्रेस. पण वेल्ह्याकडच्या निम्म्या बायका माझ्याकडं शिवायला येतच नाहीत. कपडे बदलायला येतात! मागं एक पडदा आहे, ब्लाऊज घालून बघायला लावलेला. मागं एकदा एका सुनेनं विचारलं, "काकू, जरा आत जाऊ का?" साडीत आत गेली आणि जीन्समध्ये बाहेर आली. साडीची पिशवी खिळ्याला अडकवली, पुण्याच्या गाडीत बसली, आणि संध्याकाळी येऊन परत साडी नेसून गावाकडं गेली. एकीला हो म्हटलं की सगळ्या तालुक्याला हो म्हटल्यासारखं असतं, हे तेव्हा कळलं नाही. आता भिंतीला खिळा ठोकायला जागा उरलेली नाही.

बरं, नुसत्या बदलून गेल्या तर एक वेळ ठीक! "काकू, मॉलमध्ये हे चालंल का? काकू, हॉटेलात चप्पल कसली घालू? काकू, टिकली लई मोठी वाटती का?" अगं बायांनो, मी शेवटची पुण्याला गेले ती डोळ्याच्या डॉक्टरकडं! तिथं माझ्या साडीकडं कुणी बघितलं नाही, नुसती समोरची अक्षरं वाचायला लावली.

दमले बाई मी. खरंच दमले.

*

या सगळ्यांत माझा जीव अडकलाय तो एकीत. वेल्ह्याकडच्या पालीची सारिका. तिचा नवरा पुण्यात कंपनीत आहे, चार पोरांबरोबर एका खोलीत राहतो. तिथं बायकोला कुठं ठेवणार? म्हणून महिन्यातनं एकदा, त्याच्या सुट्टीला, ही सकाळी जाते आणि संध्याकाळी परत येते. संसार म्हणाल तर तेवढाच.

तिची सासू तानाबाई. वाईट नाही हो, पण शब्दाची पक्की. लग्न झाल्या झाल्या सांगून टाकलेलं, "आमच्या घरातली बाई साडीतच दिसंल. दुसऱ्या कशात दिसली, त्या दिवसापास्नं पुण्याची फेरी बंद!"

आणि गंमत बघा, ह्याच तानाबाई राजगडाच्या पायथ्याला ट्रेकिंगवाल्यांना पिठलं-भाकरी करून घालतात. शनिवार-रविवार हाफ चड्डीतल्या पोरी त्यांच्या अंगणात मांडी घालून बसतात, आणि ह्या "घे गं बाळा, अजून चतकूर घे" करत वाढतात. मी एकदा विचारलं, "तानाबाई, त्या पोरी बऱ्या चालतात तुम्हाला?"

"त्या दुसऱ्याच्या सुना हायेत," म्हणाल्या.

सारिकालाही मी म्हटलं होतं, "कशाला एवढी जोखीम घेतेस? साडीत जा की." तर म्हणाली, "काकू, साडीत गाडीवर बसलं की एक हात पदराला आन् एक निऱ्यांना. ह्यांना धरायला हातच उरत न्हाई. एकच दिवस असतोय वो."

तिला दारामागचा खिळा दिला.

*

वेल्ह्याची एक सून. शहरात गॉगल पाहिजेच, असं तिला तिच्या बहिणीनं सांगितलेलं. हिनं तो दिवसभर डोळ्यांवर कमी आणि डोक्यावरच जास्त ठेवला. संध्याकाळी आली ती घाईत, समोर गाडी लागलेली. भराभरा साडी नेसली, कुंकू लावलं, डोक्यावरनं पदर घेतला आणि पळाली.

घरी गेली, सासऱ्यांना चहा दिला, भाकरी थापायला बसली. पदराखाली गॉगल तसाच! चुलीपुढं वाकली तसा पदर घसरला. सासूनं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "सूनबाई, डोळं डोक्यावर ठिवून भाकरी थापती व्हय? तरीच करपत्यात!"

तेव्हापासून मी प्रत्येकीला निघताना विचारते, "गॉगल काढला? लिपस्टिक पुसली?" शिवण राहतं बाजूला.

*

मी दिलेला सल्ला कसा लागू पडतो तेही ऐका. एकीच्या नवऱ्याला कंपनीची पार्टी होती, पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात, जोडीनं या म्हणून. ती रडकुंडीला आलेली. "काकू, तिथं काय घालत्यात?" मी म्हटलं, "काळं घाल. शहरात काळं कुठंही चालतं." हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही! टीव्हीवर बघितलेलं.

तिनं संक्रांतीची काळी साडी काढली, मस्त केस बांधले, गेली. दुसऱ्या दिवशी पिशवी न्यायला आली. म्हटलं, "काय गं, कशी झाली पार्टी?"

"चांगली झाली. पण काकू, तिथल्या वाढणाऱ्या बायकांच्या बी काळ्याच साड्या व्हत्या. एका साहेबाच्या बायकोनं मला पाणी मागितलं."

"मग?"

"दिलं. मग शेजारच्या टेबलानं मागितलं. त्यास्नी बी दिलं. मग भात वाढला थोडा."

मी कपाळाला हात लावला. "अगं, तू पाहुणी ना? सांगायचं नाहीस का?"

"असं कसं काकू! दारात आलेल्यानं पाणी मागितल्यावर न्हाई म्हणत्यात व्हय?"

*

आता पुरुषही यायला लागलेत. मार्गासनीचे एक आबा आहेत, धोतर-टोपीवाले. नातवानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि फोनवर सांगितलं, "आबा, इथं सगळे सकाळी फिरायला जातात. ट्रॅकसूट घालून या." आबांना गावातनं ट्रॅकसूट घालून निघायची लाज वाटली. आले माझ्याकडं. धोतर खिळ्याला लावलं, ट्रॅकसूट घातला, वर टोपी तशीच.

"आबा, टोपी काढा की."

"डोकं कुठं बदललंय पोरी?" म्हणाले आणि गेले.

आठवड्यानं परत आले. म्हटलं, "काय आबा, कसं वाटलं शहर?"

"बरं हाय. पण तिथली म्हातारी लई हैराण हायेत. रोज सकाळी उठून त्या बागंला गोल गोल फिरत्यात. म्या एकाला विचारलं, 'कुणाची म्हस हरवलीया का?' तो बोलला न्हाई. कानाला कायतरी लावलेलं बिचाऱ्यानं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? माणूस अडचणीत हाय म्हटल्यावर म्या बी चार फेऱ्या मारल्या." आबांनी उसासा टाकला. "न्हाई घावली."

*

भोरच्या कॉलेजातली एक पोरगी नवीकोरी जीन्स घेऊन आली. मैत्रिणींबरोबर पुण्याला जायचं होतं. म्हटलं, "काय करू? कमरेत घ्यायची का?"

"नाही काकू. गुडघ्यावर फाडून द्या."

मी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर लोकांचं फाटलेलं शिवत आले. कुणाच्या पोराचा शर्ट, कुणाच्या नवऱ्याची चड्डी, कुणाची लग्नातली पैठणी. आणि आता ही समोर उभी, नव्या कापडाला कात्री लाव म्हणून! हात धजेना. पण गिऱ्हाईक आहे, काय करता? डोळे मिटून दिली चर्रकन चीर.

पोरीनं पॅन्ट उचलून बघितली, तोंड वाकडं केलं. म्हणाली, "काकू, हे गरिबासारखं फाटलंय. जरा महागातलं फाडा ना!"

*

सारिकाचं एकदा थोडक्यात निभावलं. नवऱ्यानं तिचा फोटो काढला, मॉलच्या पायऱ्यांवर. जीन्स, शर्ट, डोक्याला टोपी, डोळ्यांवर त्याचाच काळा चष्मा. आणि त्या बहाद्दरानं तो स्टेटसला टाकला! पुण्यात राहून पोरं हुशार होतात म्हणतात, कुठं होतात काय माहीत.

रात्री जेवणं झाल्यावर शेजारची बाई मोबाईल नाचवत तानाबाईंकडं आली. "बघा बघा, तुमच्या पोराच्या मोबाईलवर कुठल्या पोरीचा फोटो हाय!" सारिका भांडी घासत होती. तिच्या हातातलं पातेलंच पडलं.

तानाबाईंनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला. मग हसल्या. "अगं, ही व्हय? ही मागल्या आयतवारी आपल्याकडं जेवून गेली की! गडावर आलेली. चांगली पोर हाय, दोन भाकऱ्या खाल्ल्या. व्हय की न्हाई गं सारिका?"

"व्हय आत्या," सारिका म्हणाली. "ठेचा बी परत मागितला व्हता."

मला हे सांगताना ती हसत होती. मला काही हसू आलं नाही. म्हटलं, "पोरी, एकदा वाचलीस. दर वेळी तुझी सासू चष्मा न लावताच फोटो बघेल असं नाही." तर म्हणाली, "काकू, फेरी बंद झाली तर म्या काय करू वो? सणाला येत्यात ते, तवा घर भरलेलं असतंय. बोलायला तरी घावत्यात का?"

त्या दिवसापासनं ती पुण्याला गेली की माझं मशिनवर लक्ष लागत नाही.

*

आता हा एवढा ऐका, मग जा.

लग्नसराई होती. तानाबाईंच्या भाच्याचं लग्न, त्यांची नवी साडी फॉलला माझ्याकडंच. सारिका पुण्याला गेलेली. उन्हं कलली तशी ती आली, खुशीत, गाणं गुणगुणत. पडद्यामागं गेली आणि आतनं ओरडली, "काकू, माझी पिशवी कुठाय?"

खिळा रिकामा! झालं असं की दुपारी मार्गासनीची एक बाई आपल्या खरेदीच्या पिशव्या ठेवायला आलेली. तिच्या पिशव्या भोरच्या ज्या दुकानाच्या, सारिकाचीही त्याच दुकानाची. जाताना ती हिचीही उचलून घेऊन गेली. फोन लावला तर रेंज नाही. म्हटलं, "थांब, कपाटातनं कुणाची तरी साडी देते." वळले, तर दारात तानाबाई!

"सुमन, झाली का गं साडी? झाली असंल तर दे. सारिका बी येईलच एवढ्यात. दोघी मिळूनच जाऊ." आणि बसल्या की स्टुलावर!

साडी केव्हाच झालेली. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय," आणि ती मांडीवर घेऊन मशिन चालवायला लागले. दोरा ओवलेला नाही, हेही कळलं नाही मला. मनात एकच, पोरीची फेरी गेली. महिन्याचा तो एक दिवस गेला, आणि गेला तो माझ्या दुकानातनं गेला.

"स्वारगेटची गाडी आली न्हाई व्हय गं अजून?"

"नाही ना. आज ट्रॅफिक असेल."

"मग ती समोर उभी हाय ती कुठली?"

"ती? ती साताऱ्याहून आली."

तानाबाई दुकान न्याहाळत बसल्या. माझा पडदा जमिनीपासनं वीतभर वर आहे. खाली दोन अनवाणी पाय, आणि वर निळ्या जीन्सच्या मोहऱ्या. तानाबाईंची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली.

"सुमन, तुझ्या पडद्याला पाय फुटल्यात गं."

माझं मशिन थांबलं.

"आन् जोडवी बी हायेत. भोरच्या सोनाराकडनं म्याच आणलेली."

मी म्हटलं, "तानाबाई, चूक माझी आहे, तिची साडी माझ्या दुकानातनं हरवली, तिला काही..."

"तू गप बस."

उठल्या. माझ्या मांडीवरची आपली नवी साडी ओढून घेतली. मला वाटलं, तशाच निघून जातात आता. त्यांनी ती पडद्यावरनं आत टाकली.

"नेस. गाडी जाईल."

"आत्या, परकर न्हाई..." रडका आवाज आला.

"पॅन्टवरनंच नेस!"

सारिका बाहेर आली. लग्नाची भरजरी साडी, वर शर्टाची कॉलर, खाली जीन्स. मान खाली, डोळ्यांतनं पाणी चाललेलं. तानाबाईंनी तिला वरनं खालपर्यंत बघितलं. निऱ्या सुटत होत्या, त्या नीट खोचायला पुढं झाल्या, तर हात कशात तरी शिरला.

"हे काय?"

"खिसा, आत्या."

"किती हायेत?"

"चार."

"चार?" तानाबाईंनी पैशांची आपली एकुलती कनवटी चाचपली. मग निऱ्या खोचल्या, पदर सारखा केला, डोक्यावरनं घेतला आणि त्याच पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

पालीच्या गाडीनं हॉर्न दिला. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "तानाबाई, पुढच्या महिन्यात हिला..."

दोघी पायरी उतरल्या. तानाबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि मागं न बघता सुनेला म्हणाल्या,

"पुढल्या खेपंला साडी घरीच ठिवून जा. हितं हरवती."