पितळेचा गोळा आणि शेवटचे नंबर

"दूर हो. पाहायचं फक्त. हात नाही लावायचा."

सातवीत विज्ञानाच्या मॅडम सगळ्या वर्गासमोर मला हे म्हणाल्या. मी हात मागे घेतला. कान तापले.

टेबलावर पितळेचा गोळा होता आणि त्याची कडी. थंड गोळा कडीतून सुळकन जातो. दिव्यावर तापवला की फुगतो, अडतो. ज्याने त्याने आपल्या हाताने करून पाहायचा प्रयोग. पण धरमपेठेतल्या त्या शाळेत आम्हा फीमाफीवाल्यांचे रोल नंबर शेवटी टाकलेले. आमच्यापर्यंत गोळा येण्याआधी घंटा व्हायची. मग फळ्यावरचं निरीक्षण उतरवायचं. 'मी गोळा तापवला.' मी! ज्याला बोटही लावलं नव्हतं, तो गोळा.

घरी आईला सांगितलं. ती धंतोलीत एका दवाखान्यात आया. घाबरलीच.

"चूप राहा वं. काहून तोंड उघडतं? नाव काढून टाकतीन तुयं."

शाळा संपेपर्यंत मी चूप राहिले. निव्वळ भीतीने.

आज मी तशाच एका शाळेत विज्ञान शिकवते. अजून कायम झालेले नाही. नंबरांची रीत इथेही तीच. परवा सातवीवर हाच प्रयोग होता. मी शेवटचा नंबर आधी पुकारला. मुलगी उठेचना.

"मॅडम, आमचा नंबर येतच नाही ना."

इतक्या सहज म्हणाली. मी गोळ्याची दांडी तिच्या हातात दिली. तिने तापवला. अडला.

"आता कडी तापवली तं?" तिनेच विचारलं.

भोक अजून लहान होईल, पोरं ओरडली. करून पाहा, म्हटलं. तिने कडीखाली दिवा धरला. गोळा खाली उतरला. वर्ग उसळला.

दारात पर्यवेक्षक सर उभे होते.

"मॅडम, क्रमाने घ्या. ही पोरं सामान तोडतात. तुम्हीही त्याच रांगेतल्या ना, म्हणून पुळका. तुमचं कायम व्हायचं बाकी आहे, विसरू नका."

साऱ्या वर्गासमोर. खोलीचं भाडं, आईच्या गोळ्या, सगळं डोळ्यांपुढे आलं. तेवढ्यात त्या मुलीने दांडी खाली ठेवली आणि हात मागे घेतला. अगदी माझ्यासारखा.

"उचल," मी म्हटलं. "सर, ती करून राहिली. होऊ द्या तिचं."

सर वळून निघून गेले.

उद्या सरांनी ऑफिसात बोलावलंय. मला भीती वाटते. फार वाटते. आई आजही तेच म्हणते, "चूप राहा वं."

नाही राहणार, आई. नोकरी जायची तर जाऊ दे. उद्या दुसऱ्या तुकडीचा प्रयोग आहे, आणि तो शेवटच्या नंबरापासूनच सुरू होईल. 'मी गोळा तापवला' हे माझ्या वर्गात ज्याने तापवला तोच लिहील. आणि तापवतील सगळेच.